नोंद करणाऱ्याने आकडे तपासावेत

ऑफिसात त्यांना सगळे हेडमास्तर म्हणत. तोंडावर कोणी म्हणत नसे, पण त्यांना ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. दुसऱ्याच्या प्रोग्रॅममधली चूक त्यांना चार टेबलं लांबून दिसायची. दिसली की गप्प बसवत नसे. उठून जायचे, स्क्रीनवर बोट ठेवायचे आणि "हे काय आहे?" असं विचारायचे. समोरचा माणूस पुढचा तासभर कामाचा राहत नसे.

म्हणूनच मॅडमनी त्यांना एरर मेसेज सुधारायचं काम दिलं, तेव्हा त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. मॅडम म्हणजे त्यांच्या वरिष्ठ, वयाने दहा वर्षांनी लहान आणि बोलायला सरळ. कंपनीने बनवलेलं औषध-स्टोअरचं सॉफ्टवेअर एका मोठ्या हॉस्पिटलात सहा वर्षं चालू होतं. आता डेटाबेस नवा बसवायचा होता, आणि त्याच्या आतल्या सगळ्या प्रोसिजर, म्हणजे औषध आलं, गेलं, शिल्लक राहिलं याचा हिशेब डेटाबेसमध्येच बसून करणारे छोटे प्रोग्रॅम, एकदा धुऊनपुसून घ्यायचे होते.

"हिशेब बरोबर आहेत तुमचे," मॅडम म्हणाल्या. "पण काही अडलं की तुमच्या प्रोसिजर बोलतात काय, ते वाचलंय का कधी?"

"मीच लिहिलंय."

"तेच म्हणतेय. आता वाचा."

हेडमास्तर जागेवर येऊन बसले. असल्या कामाला ते मनातल्या मनात रंगरंगोटी म्हणायचे. प्रोग्रॅम कधी चुकत नाही, वापरणारा चुकतो, हे त्यांचं मत सर्वांना पाठ होतं. चुकणाऱ्याला आणखी गोड बोलून काय समजावायचं?

औषध देण्याच्या प्रोसिजरच्या शेवटी त्यांना स्वतःच्या हातचं एक जुनं काम दिसलं. आत काहीही बिघडलं तरी ते पकडायचं, डेटाबेसने दिलेला खरा एरर गिळून टाकायचा, आणि स्क्रीनवर एकच मजकूर दाखवायचा: 'नोंद चुकीची आहे. हिंट: नोंद करणाऱ्याने आकडे तपासावेत.' शिवाय नोंद करणाऱ्याचं नाव आणि त्याने टाईप केलेले आकडे 'वापरणाऱ्याच्या चुका' नावाच्या तक्त्यात जमा करायचे.

हे कधी लिहिलं ते त्यांना आठवलं. दुपार होती. अडचणीचे पाचसहा प्रकार होते, प्रत्येकाला वेगळा मेसेज लिहायचा होता. पण टीव्हीवर मॅच होती आणि त्यांना घर गाठायचं होतं. मग सगळ्यांना मिळून एकच मेसेज लिहिला आणि पाय काढता घेतला. कोणती मॅच, कोण जिंकलं, हे मात्र आता काही केल्या आठवेना.

मॅडमचा नियम सोपा होता. वरचा मेसेज म्हणजे झाकण, ते काढा, आतून काय येतं ते बघा, मग नवा मेसेज लिहा. हेडमास्तरांनी झाकण काढलं. जुन्या साठ्याची एक प्रत होती, तिच्यावर त्यांनी पहिल्या वर्षाच्या 'चुका' पुन्हा चालवायला लावल्या. चारशे पंधरा होत्या. चहा घेऊन येईपर्यंत यादी तयार झाली होती.

एरर बहुतेक सगळीकडे एकच होता. क्वेरीला, म्हणजे साठ्याला विचारलेल्या प्रश्नाला, उत्तराची एक ओळ हवी होती, दोन मिळाल्या. कारण समजायला त्यांना अर्धं मिनिट पुरलं. त्यांच्या प्रोसिजरने गृहीत धरलं होतं की एका औषधाची, एका मुदतीची, एकच बॅच स्टोअरमध्ये असणार. पण एकाच महिन्यात मुदत संपणाऱ्या दोन बॅच सहज येऊ शकतात. स्टोअरच्या नियमाप्रमाणे त्या वेगवेगळ्या नोंदवायच्या असतात. प्रत्येकाला आपापली औषधं वाटून दिलेली, त्यामुळे जो नियम पाळून वेगळ्या नोंदवील, त्याच्या डोक्यावर प्रोसिजर खापर फोडणार. जो कंटाळा करून सगळं एकाच बॅचखाली ढकलील, त्याचं काम लोण्यासारखं होणार.

म्हणजे चूक त्यांची होती. कोणाच्याही हातून होते तशी. दुरुस्त करू, असं म्हणून त्यांनी यादी सरकवली आणि नाव लिहिलेला रकाना समोर आला.

चारशे पंधरापैकी बारा नोंदी स्टोअरमधल्या एका मिशीवाल्या सहायकाच्या होत्या. बाकीच्या चारशे तीन हेडमास्तरांच्या सासऱ्यांच्या.

चारशे तीनपैकी तीनशे चौऱ्याण्णव वेळा सासऱ्यांनी आकडे बरोबर भरले होते. खरोखर चुकीच्या नोंदी होत्या नऊ. सहायकापेक्षाही तीन कमी.

हेडमास्तरांनी स्क्रीन बंद केली. मग उगाचच पुन्हा चालू केली. आकडे तेच होते.

सासरे त्या हॉस्पिटलात एकतीस वर्षं स्टोअरकीपर होते. हाताखालचे लोक त्यांना काका म्हणत. औषधांच्या बॅचचे नंबर त्यांना तोंडपाठ असत, खोकी कुठल्या फळीवर आहेत ते डोळे मिटून सांगत. सॉफ्टवेअर आलं तेव्हा ते इतके खुश झाले होते की येणाऱ्या जाणाऱ्याला सांगत सुटायचे, "आमच्या जावईबापूंनी केलंय." वर्षभराने हॉस्पिटलच्या साहेबांनी मीटिंग बोलावली आणि 'कोणाच्या किती चुका' हा कागद सगळ्यांसमोर वाचला. कागद कसा वाचायचा ते समजावायला कंपनीकडून हेडमास्तरच गेले होते. चारशे तीन हा आकडा वाचला गेला तेव्हा खोलीत कोणीतरी हसलं. सासरे मान खाली घालून बसले. आणि हेडमास्तरांनी काय केलं? हे आपले सासरे आहेत हे कोणाला आठवू नये म्हणून ते खिडकीबाहेर बघत राहिले. त्या दिवशी त्यांना लाज वाटली होती. सासऱ्यांची.

निवृत्तीला अडीच वर्षं असताना सासऱ्यांनी नोकरी सोडली. सासूबाई आधीच गेल्या होत्या, म्हणून ते मुलीकडे राहायला आले.

आणि हे एवढ्यावरच थांबलं असतं तर हेडमास्तरांनी कदाचित गुपचूप प्रोसिजर दुरुस्त करून हात झटकले असते. माणूस होते, आणि फार धीट नव्हते. पण घरात जे चाललं होतं ते त्यांच्या डोळ्यांसमोर होतं. सासऱ्यांचा स्वतःवरचा विश्वास उडाला होता. रोजच्या तीन गोळ्या काढल्या की ते तळहात मुलीपुढे धरायचे, "तीनच आहेत ना गं, बघ." दार लावलं की परत येऊन विचारायचे. पेपरातली आकड्यांची कोडी पूर्वी ते पेनने सोडवायचे, पेन्सिल वापरणाऱ्याला हसायचे. आता पेपर उघडतही नसत. "डोकं चालत नाही आता," म्हणायचे, "स्टोअरमध्येच कळलं होतं." मुलीने त्याचा धसका घेतला होता. येत्या गुरुवारी त्यांना स्मरणशक्तीच्या डॉक्टरांकडे न्यायचं ठरलं होतं. हेडमास्तर तिला मोठेपणाने समजावत, "वय झालं की होतंच असं."

त्या संध्याकाळी घरी जाताना त्यांना आणखी एक गोष्ट आठवली. त्या मीटिंगच्या आधी महिनाभर सासरे एकदा घरी आले होते. चाचरत विचारलं होतं, "जावईबापू, मी बॅच वेगळ्या वेगळ्या टाकतो. त्याने काही फरक पडत असेल का हो?" मोबाईलमधून मान वर न काढता हेडमास्तर म्हणाले होते, "नाही हो. तुम्ही जरा आकडे तपासत जा."

माणसाने बरोबर जागी बोट ठेवलं होतं, आणि ते बोट यांनी झटकून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रोसिजर नव्याने लिहिली. मेसेजही लिहिला. त्याखालची हिंट लिहायला बसले ती सहा ओळींची झाली. 'आपली नोंद बरोबर आहे. आपण नियमाप्रमाणेच काम केले आहे. यापूर्वी आपणांस चुकीचा मेसेज दाखवला गेला असल्यास' वगैरे वगैरे. मॅडमनी वाचलं आणि खुर्ची त्यांच्याकडे वळवली.

"हे काय आहे?"

हा प्रश्न आजवर हेडमास्तरांनी विचारायचा असे.

"हिंट म्हणजे पुढे काय करायचं ते. एक ओळ. माफी मागायची असेल तर ज्याची मागायची त्याच्याकडे जा, स्टोअरमधल्या लोकांना कशाला वाचायला लावता?"

मॅडमना काहीच माहीत नव्हतं, त्या आपल्या कामाचं बोलत होत्या. पण हेडमास्तरांचे कान लाल झाले. त्यांनी पाच ओळी खोडल्या.

रविवारी सकाळी चहाच्या वेळी त्यांनी विषय काढला. सासरे खिडकीशी बसले होते, बायको भाजी निवडत होती. हेडमास्तरांनी घसा खाकरला.

"स्टोअरमधल्या त्या चुका... त्या तुमच्या नव्हत्या. माझी प्रोसिजर चुकीची होती."

सासऱ्यांनी कप खाली ठेवला आणि समजुतीने हसले. "असू द्या हो."

"नाही, खरंच. मी तपासलंय. चारशे तीनमधल्या तीनशे चौऱ्याण्णव..."

"जावईबापू," सासरे त्यांचा हात थोपटत म्हणाले, "डॉक्टरकडे जायचंय म्हणून मला धीर देताय ना? मी घाबरलेलो नाही. तुमचं मन मोठं आहे, पण जे झालं ते झालं. मशीन कशाला खोटं बोलेल? आणि तुम्ही केलेलं चुकेल कसं?"

हेडमास्तरांनी पुन्हा सांगितलं, बॅच, मुदत, दोन ओळी, सगळं. जितकं जास्त सांगितलं तितके सासरे जास्त मायेने मान हलवत राहिले. शेवटी म्हणाले, "साखर एकच चमचा घातली ना गं मी?" आणि कप मुलीकडे सरकवला.

मुलीने कपाकडे बघितलंच नाही. ती नवऱ्याकडे बघत होती.

सासरे आंघोळीला गेल्यावर ती म्हणाली, "धीर द्यायला बोललास, की खरं आहे?"

"खरं आहे."

"पाच वर्षं मी त्यांच्या गोळ्या मोजतेय."

"मला परवाच कळलं."

"परवा कळलं. आणि त्याआधी कधी बघावंसं वाटलं नाही? ते तुझ्याकडे विचारायला आले होते. मी तेव्हा स्वयंपाकघरात होते, मी ऐकलं होतं." तिने भाजीची परात उचलली. "त्यांना पटवून दे. कसं ते तुझं तू बघ. नाहीतर गुरुवारी डॉक्टरला काय सांगायचं तेही तूच सांग."

ओरडली असती तर बरं झालं असतं. हेडमास्तर दिवसभर घरात भिंतीच्या कडेकडेने वावरले.

सोमवारी त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि सासऱ्यांना घेऊन हॉस्पिटलात गेले. "नवीन सॉफ्टवेअर बघायला," असं सांगितलं. सासरे दारातच थबकले. स्टोअर तसंच होतं, लोखंडी फळ्या, खोकी, पुठ्ठ्याचा आणि स्पिरिटचा वास. मिशीवाला सहायक आता स्टोअरकीपर झाला होता. तो लगबगीने उठला, "अहो काका, या, या," म्हणत स्वतःची खुर्ची पुढे केली. दोन मदतनीस बायका खोकी फोडत होत्या, त्याही हसल्या. त्यातली एक जुनी होती.

चाचणीसाठी एक मशीन कोपऱ्यात मांडलं होतं. त्यावर हेडमास्तरांनी जुना साठा भरून ठेवला होता. त्यांनी आधी जुनी प्रोसिजर लावली.

"तुमच्या काळातली नोंद आहे. भरा."

"मी नको. तुम्ही भरा, मी चुकवीन."

"चुकवा."

सासऱ्यांनी चष्मा पुसला. कागदावरचा औषधाचा क्रमांक एकेक आकडा बोटाखाली धरून भरला, मुदत भरली, नग भरले, आणि बटण दाबलं. 'नोंद चुकीची आहे. हिंट: नोंद करणाऱ्याने आकडे तपासावेत.' त्यांचे खांदे पडले. "बघा," ते हळूच म्हणाले. "सांगत होतो."

हेडमास्तरांनी नवी प्रोसिजर लावली. "आता तीच नोंद. एकही आकडा बदलू नका."

सासऱ्यांनी तेच आकडे भरले. या वेळी स्क्रीनवर आलं: 'या औषधाच्या एकाच मुदतीच्या दोन बॅच साठ्यात आहेत. हिंट: ज्या बॅचमधून औषध देत आहात तिचा क्रमांक भरा.' खाली दोन्ही बॅचचे क्रमांक होते.

त्यांनी ते एकदा वाचलं. मग चष्मा काढून, डोळे बारीक करून पुन्हा वाचलं.

"हा दुसरा," ते म्हणाले. "पहिली बॅच वरच्या फळीवर होती, तिला हात लावायचा नव्हता, खोकं दबलेलं होतं." त्यांनी बॅचचा क्रमांक भरला. नोंद झाली. "एवढंच हवं होतं त्याला?"

"एवढंच."

"मला विचारलं असतं तर मी तेव्हाच सांगितलं असतं. मला पाठ असायचे."

"हो."

सासऱ्यांनी चष्मा घडी करून खिशात ठेवला. मग त्यांनी विचारलं, "हे लिहायला तुम्हाला किती वेळ लागला?"

खोटं बोलायची ही शेवटची संधी होती. दोन दिवस म्हटलं असतं तरी चाललं असतं.

"वीस मिनिटं," हेडमास्तर म्हणाले.

"मग तेव्हा का नाही लिहिलं?"

"मॅच होती. घरी जायचं होतं."

सासऱ्यांनी मान डोलावली, आजारी माणसाचं बोलणं ऐकतात तशी. बोलले तेव्हा आवाजात राग नव्हता, आणि हेडमास्तरांना तेच सोसवेना.

"त्या मीटिंगमध्ये कागद वाचला ना, तेव्हा मी तुमच्याकडे बघितलं होतं. तुम्ही खिडकीबाहेर बघत होता. मला वाटलं, माझ्यापायी यांची मान खाली गेली. एवढा हुशार जावई आणि सासरा असा. घरी गेलो आणि राजीनामा लिहिला. चुकांसाठी नव्हे, त्या मी सुधारल्या असत्या. तुमच्यासाठी."

जमिनीने पोटात घ्यावं असं माणसं का म्हणतात ते हेडमास्तरांना त्या कोपऱ्यात उभं राहून कळलं. ते एवढंच म्हणाले, "मी चुकलो. मला माफ करा."

"हे मला सांगून काय उपयोग?" सासरे म्हणाले. "मला आता दिसलंच की."

हेडमास्तर वळले. स्टोअरकीपर लांबून बघतच होता, मदतनीस बायकांचेही हात थांबले होते. हेडमास्तर त्यांच्यापुढे जाऊन उभे राहिले आणि सांगू लागले. काका बॅच नियमाप्रमाणे वेगळ्या नोंदवत होते. प्रोसिजरला ते समजत नव्हतं, कारण ती मी तशी लिहिली. काकांच्या खऱ्या चुका वर्षात नऊ होत्या. चारशे तीन हा आकडा माझ्या आळसाचा होता. बोलताना त्यांचा आवाज दोनदा फाटला, आणि एरवी लोकांच्या चुका दाखवताना तो किती खणखणीत असायचा हे त्यांचं त्यांनाच ऐकू आलं.

मिशीवाला पुढे झाला. "म्हणजे मी सगळं एकाच बॅचखाली ढकलायचो, म्हणून माझ्या बाराच?" तो हसायला गेला, पण हसू अर्ध्यावर राहिलं. त्याने काकांकडे बघितलं आणि नजर खाली घातली. जुनी मदतनीस बाई पदराला हात पुसत म्हणाली, "मी तेव्हाच म्हणत होते, काका चुकायचे नाहीत म्हणून."

झालं, असं हेडमास्तरांना वाटलं. छातीवरचं ओझं थोडं उतरल्यासारखं झालं. ते सासऱ्यांकडे वळले आणि म्हणाले, "चला, घरी जाऊ या?"

सासरे खुर्चीतून उठले नाहीत.

"मीटिंगला चौदा जण होते," ते म्हणाले. "तुम्ही आणि मी धरून. इथल्यांपैकी त्या दिवशी तिथे हा एकटाच होता."

हेडमास्तरांनी खिशातून पेन काढलं आणि टेबलावरचा एक छोटा कोरा कागद ओढून घेतला.

"बाकीचे कोण कोण, सांगता?"

"साहेब. टेबलाच्या डोक्याशी. त्यांच्या उजव्या हाताला ऑपरेशन थिएटरच्या मोठ्या सिस्टर, त्या आता निवृत्त झाल्या, पत्ता देतो. त्यांच्याशेजारी एक्स-रेचे डॉक्टर, हसले होते ते हेच. मग खरेदीचे दोघं..."

सासरे सांगत गेले, कोण कुठे बसलं होतं त्या क्रमाने, कुणाचंही नाव न चाचपडता. हेडमास्तर लिहीत गेले. सात झाले तेव्हा कागदावर जागा उरली नाही, म्हणून त्यांनी तो उलटा केला.